मावशीच्या फोनमध्ये पुस्तक कुठून आणायचं?

माझी मावशी परळला राहते. चाळीस वर्षं दर शनिवारी ती कापडी पिशवीत दोन पुस्तकं घालून दादरला वाचनालयात जायची आणि दोन नवी घेऊन यायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. आता तिला माणसं दिसतात, बसचा नंबर जेमतेम दिसतो, पण छापील ओळ मधूनच पुसल्यासारखी होते. परवा तिने मला विचारलं, "अगं, न्यू जर्सीत तुझ्या मावसबहिणीकडे लायब्ररीचं पुस्तक फोनवर येतं, फोन वाचून दाखवतो, आणि पैसे काही नाहीत. मीही लायब्ररीची वर्गणी भरतेय की. मग मला का नाही?"

या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला मला तीन रविवार लागले. असा प्रश्न पडणारी ती एकटी नाही. आपल्या ओळखीत कोणाच्या ना कोणाच्या आईचे डोळे थकलेत, कोणी रोज दोन तास लोकलमध्ये उभं असतं, कोणाच्या घरात पुस्तकांना जागा उरलेली नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी मावसबहिणीच्या फोनवर काय चालतं ते बघू. तिथलं सार्वजनिक वाचनालय कराच्या पैशांवर चालतं. गावात राहण्याचा पुरावा दिला की कार्ड मिळतं. लिबी नावाच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा नंबर टाकला की वाचनालयाने घेतलेली ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं उसनी मिळतात. लिबी हे ओव्हरड्राइव्ह या कंपनीचं ॲप, २०१७ मध्ये आलेलं. मुदत बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांची असते. मुदत संपली की पुस्तक आपोआप फोनमधून निघून जातं, त्यामुळे उशिराचा दंड हा प्रकार तिथे नाही.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. फाइलच आहे, हजार जणांना एकदम दिली तर काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. पण वाचनालयाने ती फाइल आपल्यासारखी विकत घेतलेलीच नसते. प्रकाशकाकडून ठरावीक अटींवर परवाना घेतलेला असतो. नेहमीची अट अशी, की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. म्हणून गाजलेल्या पुस्तकासाठी तिथेही नंबर लावून आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. दुसरी अट परवान्याच्या आयुष्याची. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने २०११ मध्ये नियम केला, की एक ई-पुस्तक वाचनालयाने २६ वेळा दिलं की परवाना संपला, हवं तर नवा घ्या. फाइलची ना पानं निखळतात ना शिवण उसवते, तरी तिला २६ वाचकांचं आयुष्य. इतर मोठे प्रकाशक बऱ्याचदा दोन वर्षांची मुदत घालतात. हूपला नावाची दुसरी सेवा आहे, तिच्यात नंबर लावावा लागत नाही. तिथे वाचनालय प्रत्येक वेळी दिलेल्या पुस्तकामागे पैसे मोजतं, म्हणून वाचकाला महिन्याला ठरावीक पुस्तकांचीच मर्यादा असते.

म्हणजे बहिणीला जे फुकट मिळतं, त्याचे पैसे तिच्या गावाने आधीच भरलेले आहेत. ते कार्ड पत्त्याशी बांधलेलं असतं. मावशीने तिच्या कार्डावर परळहून ऐकणं नियमात बसत नाही, आणि इंग्रजीच्या त्या ढिगात मावशीला हवं ते मराठी पुस्तक सापडणारही नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळी का, याचं मूळ वाचनालयांच्या घडणीत आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, ते वाचकांनी आणि कार्यकर्त्यांनी उभं केलेलं. अनामत, मासिक वर्गणी आणि सरकारी अनुदान यांवर आपली वाचनालयं चालतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, पण तमिळनाडू किंवा कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा वेगळा कर, आपल्या कायद्यात घातला गेला नाही. कर्मचाऱ्यांचे पगार आणि इमारतीची डागडुजी यांतच दमछाक होणाऱ्या संस्थेने ई-पुस्तकांचे परवाने कुठून घ्यायचे? शिवाय असे परवाने वाचनालयांना विकण्याची पद्धत मराठी प्रकाशनात रुजलेलीच नाही. म्हणून मुंबईत मराठी वाचनालयाच्या कार्डावर घरबसल्या ई-पुस्तक उसनं मिळण्याची सोय सर्रास नाही. मावशीची वर्गणी कमी पडतेय असं काही नाही, ती साखळीच इथे तयार झालेली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

इंग्रजी वाचणाऱ्यांना मुंबईत एक वाट आहे. ब्रिटिश कौन्सिलचं डिजिटल सभासदत्व पैसे भरून घेता येतं आणि त्यात ई-पुस्तकं, ऑडिओबुकं, मासिकं मिळतात. जुन्या, दुर्मिळ ग्रंथांसाठी एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' नावाने आपल्या संग्रहातली पुस्तकं आणि नियतकालिकं संगणकावर आणली आहेत. अभ्यासकांसाठी ते मोठं काम आहे. मावशीला मात्र दुपारी जेवणं आटोपल्यावर ऐकायला कादंबरी हवी आहे.

आता फुकटाकडे येऊ. फुकट हा शब्द आपण एकच वापरतो, पण त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: ज्याच्यावरचा हक्कच (कॉपीराइट) संपला आहे ते, हक्क असून मालकाने आपणहून दिलेलं ते, आणि कोणालाही न विचारता उचललेलं ते. हा फरक कळला की कुठलं ॲप चांगलं हा प्रश्न निम्मा सुटतो.

पहिल्या प्रकाराचा हिशोब सोपा आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. आधी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांची ५० वर्षं १९९१ च्या अखेरीस भरली, आणि त्याच सुमारास मुदत ६० करण्यात आली. आता आपली माणसं या मापाने मोजा. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांचं झालं. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांचं केव्हाच मोकळं आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्यावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. खांडेकर १९७६, म्हणजे २०३६ पर्यंत. पु. ल. जून २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत त्यांचं कोणतंही पुस्तक 'जुनं आहे म्हणून फुकट' होत नाही.

अनुवादात आणखी एक गाठ असते. मावशीला शरदबाबूंच्या कादंबऱ्या फार आवडतात, आणि तिने त्या मामा वरेरकरांच्या मराठीत वाचल्या. शरदबाबू १९३८ मध्ये गेले, त्यांचं बंगाली कधीच मोकळं झालं. पण मराठी वाक्यं वरेरकरांची, आणि वरेरकर १९६४ मध्ये गेले. त्यामुळे त्यांचे अनुवाद मोकळे झाले ते १ जानेवारी २०२५ पासून. ऑडिओत तर अजून एक थर चढतो: मजकूर, वाचणाऱ्याचा आवाज आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे. साने गुरुजींचा मजकूर सर्वांचा असला तरी एखाद्या कंपनीने स्टुडिओत करून घेतलेलं त्याचं वाचन त्या कंपनीचंच राहतं. मात्र तुम्ही स्वतः तो मजकूर वाचून मुद्रित केलात तर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.

हे मोकळं साहित्य कुठे मिळतं? इंग्रजीसाठी दोन नावं पुरेशी आहेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१ पासून चालू आहे, तिथे ७० हजारांहून जास्त ई-पुस्तकं आहेत, नाव नोंदवायचीही गरज नाही. लिब्रिवॉक्सवर २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक अशीच जुनी पुस्तकं वाचून मुद्रित करतात, आणि ती मुद्रणंही मोकळी सोडतात. वाचणारे हौशी असल्यामुळे दर्जा वरखाली होतो. एकाच कादंबरीत प्रकरणागणिक आवाज बदलला की मला तरी त्रास होतो, म्हणून मी एकाच वाचकाचं मुद्रण शोधते. हे दोन्ही प्रकल्प अमेरिकेच्या नियमाने चालतात. तिथे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात, त्यामुळे इथे मोकळं झालेलं काही तिथे अजून बंद असू शकतं. मराठी ऐकायला तिथे जाण्यात अर्थ नाही.

मराठीसाठी मी सर्वांत आधी मराठी विकिस्रोत सांगेन. तिथे स्वयंसेवक जुन्या पुस्तकांची पानं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला ओळखता येतील अशा अक्षरांत, टंकतात, तपासतात, आणि पूर्ण पुस्तक ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीत उतरवून घेता येतं. संख्या मोठी नाही, पण जे आहे ते खरोखर वापरता येतं. दुसरं इंटरनेट आर्काइव्ह. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो भारतीय पुस्तकं आता तिथे आहेत, मराठीही भरपूर. पण त्यांची नावं रोमन लिपीत, आणि तीही कशीही टंकलेली आहेत. देवनागरीत शोधून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. नाव रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहून बघा, नाहीतर लेखकाच्या आडनावाने शोधा. आणि तिथे आहे म्हणजे कायदेशीरच आहे असंही धरू नका, कारण तिथे कोणीही काहीही चढवू शकतं. आर्काइव्ह हक्कातली पुस्तकंही स्कॅन करून उसनी देत असे. त्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये खटला भरला, निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला आणि २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं तिथल्या उसनवारीतून काढावी लागली.

दुसरा प्रकार, आपणहून दिलेलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची कितीतरी प्रकाशनं पीडीएफमध्ये मोफत आहेत. चरित्रं, कोश, इतिहास असं हे साहित्य, पुस्तकाच्या दुकानात शोधूनही न मिळणारं. मराठी विश्वकोश तर पूर्ण खुला आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने मराठी ई-पुस्तकं वाटतं. घरात लहान मूल असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडा. २०१५ पासून चालू असलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी भरपूर आहेत, चित्रांसकट, आणि उतरवून घेऊन छापायचीही मुभा आहे. प्रतिलिपीवर नवे लेखक स्वतः लिहितात, तिथे चांगलं शोधायला वेळ काढावा लागतो.

तिसरा प्रकार तुमच्याही फोनवर येत असेल. 'मराठीतील गाजलेली ५०० पुस्तकं' असं लिहिलेला ग्रुप, आत हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ. मी त्यातली एकही उघडत नाही आणि पुढेही पाठवत नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. त्यातल्या शंभर वाचकांना फाइल पोचली तर पुढची आवृत्ती निघत नाही आणि त्या लेखकाचं पुढचं पुस्तक छापायला प्रकाशक कचरतो. शिवाय धोकाही असतो. 'मोफत डाउनलोड' म्हणणाऱ्या एका संकेतस्थळाने 'फक्त पडताळणीसाठी' कार्डाचा नंबर मागितला, मी घाईत दिला, आणि तीन दिवसांनी पैसे कापल्याचा मेसेज आला. कार्ड बंद करावं लागलं. पुस्तक खरंच मोकळं असेल तर कार्डाचा नंबर कोणी मागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता मुख्य अडचणीकडे येते, ती म्हणजे फाइलची जात. पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने आर्काइव्हवरची एक जुनी कादंबरी मावशीच्या फोनवर टाकली. पिवळट पान, कोपऱ्यात वाचनालयाचा गोल शिक्का, मधोमध घडीची रेघ. अक्षर मोठं करायला तिने पडद्यावर दोन बोटं फाकवली, तर अख्खं पानच मोठं झालं आणि ओळीचं शेपूट पडद्याबाहेर गेलं. प्रत्येक ओळीला उजवीकडे सरकायचं, परत डावीकडे यायचं. चार ओळींनंतर तिने फोन खाली ठेवला. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. फोनला त्यात अक्षरं दिसतच नाहीत, मग तो वाचून काय दाखवणार?

ईपबचं तसं नाही. त्यात मजकूर वाहता असतो, अक्षर दुप्पट केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. दोन्हींच्या मधे तिसरी जात आहे, आणि ती सर्वांत फसवी. अनेक मराठी पीडीएफ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बनलेल्या आहेत. डोळ्यांना सुरेख मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच असतात. फोनला वाचायला लावलं की तो अगम्य काहीतरी बडबडतो. तपासायची युक्ती सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर फोन ती वाचेल. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर ती फाइल फक्त डोळ्यांनी वाचायची.

नीट युनिकोड ईपब मिळालं की अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगलचा मराठी आवाज उतरवून ठेवायचा आणि मोठ्याने वाचणाऱ्या ॲपला ते पुस्तक द्यायचं. आवाज यंत्राचाच असतो. संवादात रंग भरत नाही, जोडाक्षरांत अडखळतो. निबंध, चरित्र, प्रवासवर्णन चालून जातं, पण कविता त्या आवाजात ऐकवत नाही.

मावशीसाठी खरी वाट निघाली ती वेगळीच, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे, की दृष्टीदोषामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हक्कातल्या पुस्तकाचीही वाचता-ऐकता येईल अशी प्रत करता येते. याच विषयावरचा मराकेश करार २०१३ चा, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. या पायावर २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. छापील वाचता येत नसल्याचा दाखला देऊन नाव नोंदवलं की भारतीय भाषांतली पुस्तकं उतरवून घेता येतात. त्यांतली डेझी नावाची फाइल ऐकणाऱ्यासाठीच बनलेली असते, प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर थेट जाता येतं. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे आणि सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टीबाधितांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, दोन्हीकडे या बाबतीत मार्गदर्शन मिळतं. पूर्ण अंध माणसांनाच हे मिळतं असा समज करून घेऊ नका. मावशी चालती-फिरती आहे, स्वयंपाक करते, तिला 'अंधांची सोय' हा शब्द ऐकून आधी वाईट वाटलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाखला हातात देताना तिला सांगितलं, "आजी, हा पुस्तकांचा पास समजा."

ज्यांचे डोळे ठीक आहेत आणि ज्यांना आजचं मराठी चांगल्या आवाजात ऐकायचं आहे, त्यांनी पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती मराठी घेऊनच, आणि कसलेल्या नटांच्या, निवेदकांच्या आवाजातली मराठी पुस्तकं तिथे मोठ्या संख्येने आहेत. वर्गणी चालू आहे तोवरच पुस्तक आपलं, ती थांबली की उतरवलेल्या फाइलीही उघडत नाहीत. ऑडिबलवर विकत घेतलेलं पुस्तक सभासदत्व सोडलं तरी राहतं. मराठी ई-पुस्तकं विकत घ्यायची तर बुकगंगा आहे, आणि किंडलवर २०१६ पासून मराठी चालतं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. ऐकत ऐकत जाणं आणि उतरवून ठेवणं यांत मुंबईत मोठा फरक पडतो. भुयारी मेट्रोत रेंज गेली की गोष्ट ऐन मोक्यावर थांबते. लिब्रिवॉक्सची साध्या दर्जाची एमपीथ्री फाइल तासाला सुमारे २९ एमबी घेते, म्हणजे दहा तासांच्या पुस्तकाला ३०० एमबीच्या आत जागा लागते. मावशीच्या घरी वायफाय नाही. म्हणून मी आठवड्याला दोन पुस्तकं माझ्या घरी उतरवते आणि मेमरी कार्डावर टाकून नेते.

झोपताना ऐकायची तिला आता सवय लागली आहे. पहिल्या आठवड्यात ती ऐकता ऐकता झोपायची, पुस्तक रात्रभर चालू राहायचं आणि सकाळी कुठवर ऐकलं ते सापडायचं नाही. आता अर्ध्या तासाने आवाज आपोआप थांबेल असा टायमर लावून दिला आहे. शनिवारी मी परळला गेले की ती पिशवी उघडावी तसा फोन माझ्यापुढे करते, "ही दोन झाली, दोन नवी घाल."